रेग्युलेटर तापतोय? आयसी बदलण्याआधी हिशोब मांडा

सोसायटीच्या टाकीसाठी वॉटर लेव्हल कंट्रोलर बनवलाय असं धरू. आर्डुइनो नॅनो बोर्ड, पाच व्होल्टचे दोन रिले (एक मोटारीच्या कॉन्टॅक्टरसाठी, एक भोंग्यासाठी), १६ बाय २ चा डिस्प्ले, गच्चीवरच्या टाकीत अल्ट्रासोनिक सेन्सर आणि सप्लायला १२ व्होल्टचा ॲडाप्टर. टेबलावर यूएसबीवर तो झकास चालतो. पंपरूममध्ये लावला की मोटार सुरू झाल्यावर काही मिनिटांत रिले टकटक करू लागतो आणि डिस्प्लेवर सुरुवातीचाच मजकूर पुन्हा पुन्हा येतो. नॅनो उलटा करून खालच्या बाजूच्या काळ्या रेग्युलेटरला (१२ व्होल्टचे ५ करणारी चिप) बोट लावलं, तर चटका बसतो.

इथून बहुतेक नवशिके थेट ग्रँट रोडला उतरतात, लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून नवा १११७ (याच रेग्युलेटरचा नंबर) आणतात आणि लावतात. तोही तितकाच तापतो. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. दहापैकी आठ-नऊ वेळा रेग्युलेटर बिघडलेला नसतोच, त्याच्यावर झेपणार नाही एवढं काम टाकलेलं असतं. म्हणून सोल्डरिंग आयर्न गरम करण्याआधी कागद-पेन घ्या.

तापण्याचा हिशोब

७८०५ किंवा १११७ हे लिनियर रेग्युलेटर. १२ व्होल्ट आत घेऊन ५ व्होल्ट बाहेर देताना मधले ७ व्होल्ट ते उष्णता करून उडवतात. किती उष्णता? इनपुट वजा आउटपुट व्होल्टेज, गुणिले करंट. वरच्या बोर्डात नॅनो साधारण २५ मिलिॲम्पिअर घेतो, डिस्प्ले बॅकलाइटसह ३०, सेन्सर १५ आणि दोन्ही रिले ओढलेले असताना प्रत्येकी सुमारे ७१. छोट्या निळ्या पाच व्होल्टच्या रिलेची कॉइल ७० ओहमची असते, त्यावरून हा आकडा येतो. रिले मॉड्यूलवरचे एलईडी धरून एकूण २१५ मिलिॲम्पिअरच्या आसपास.

७ × ०.२१५ = १.५ वॅट.

दीड वॅट ऐकायला किरकोळ वाटतो, पण इथेच घोडं पेंड खातं. एसओटी-२२३ पॅकेजमधला (बोर्डावर चपटा बसणारा छोटा आकार) १११७ थोड्याशा तांब्यावर बसवलेला असेल, तर दर वॅटला आतली चिप साधारण ९० अंशांनी वर जाते. दीड वॅटला १३५ अंश. मे महिन्यात बंद पंपरूममधल्या प्लास्टिकच्या डब्यात ४५ अंश सहज असतात. बेरीज १८०. चिपची मर्यादा १२५ अंश. ती १८० पर्यंत जातच नाही, त्याआधी आतलं थर्मल शटडाउन तिला बंद करतं. आउटपुट जातं, बोर्ड मरतो, चिप थोडी निवते, पुन्हा चालू होते, बोर्ड नव्याने सुरू होतो. रिलेची टकटक आणि डिस्प्लेवरचा तोच तो मजकूर म्हणजे हेच चक्र. प्रोग्रॅममध्ये दोष शोधत बसू नका.

आणि मोटार चालू असतानाच का? कारण रिले तेव्हाच ओढलेला असतो. रिले सुटलेले असताना करंट फक्त ७० मिलिॲम्पिअर, उष्णता अर्धा वॅट. टेबलावर दोष दिसला नाही, कारण यूएसबीचे ५ व्होल्ट या रेग्युलेटरमधून जातच नाहीत.

वायफायवाल्या ईएसपी३२ च्या डेव्हलपमेंट बोर्डावर हाच हिशोब आणखी कडक होतो. तिथे ३.३ व्होल्टचा १११७ असतो. ५ व्होल्टवर, वायफाय २५० मिलिॲम्पिअर घेत असताना, १.७ × ०.२५ म्हणजे जेमतेम ०.४३ वॅट. कोमट ते गरम, चालायचंच. पण आर्डुइनो उनोची सवय म्हणून त्याच्या व्हीआयएनला (बाहेरचा सप्लाय घेणाऱ्या पिनला) १२ व्होल्ट दिले, तर ८.७ × ०.२५ म्हणजे २.२ वॅट. तो बोर्ड टिकत नाही. ईएसपी३२ ला ५ व्होल्टच द्या.

आता मोजा

त्याआधी एक काम: आधी एमसीबी खाली करा, मग रिलेच्या कॉन्टॅक्टवरच्या २३० व्होल्टच्या वायरी काढा. पुढची सगळी तपासणी फक्त कमी व्होल्टेजवर करायची आहे.

पायरी १. ॲडाप्टर बोर्डापासून सोडवून त्याचं व्होल्टेज मोजा. लेबलवर विसंबू नका. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या एलिमिनेटरवर ९ व्होल्ट लिहिलेलं असतं आणि लोड नसताना मल्टिमीटर १३-१४ दाखवतो. १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होत असताना १४.४ पर्यंत जाते. १११७ ची इनपुट मर्यादा १५ व्होल्ट आहे, म्हणजे १२ च्या एलिमिनेटरने ती ओलांडणं काही अवघड नाही. ७८०५ मात्र ३५ पर्यंत सहन करतो.

पायरी २. सप्लाय बंद ठेवून ५ व्होल्टची लाइन आणि ग्राउंड यांच्यातला रेझिस्टन्स मोजा. कॅपॅसिटर भरत जातात तसा आकडा हळूहळू चढतो आणि काही शे ओहम किंवा किलोओहमवर स्थिरावतो, ते ठीक. पाच ओहमच्या खाली चिकटून बसला तर लाइनवर शॉर्ट आहे. मग पुढे जाऊ नका, खालचा शॉर्टचा भाग वाचा.

पायरी ३. सप्लाय देऊन पहिल्याच सेकंदात आउटपुट बघा. ४.७५ ते ५.२५ च्या मध्ये हवं. त्याहून जास्त दिसलं तर तत्काळ बंद करा. रेग्युलेटर इनपुटपासून आउटपुटपर्यंत आरपार शॉर्ट झालेला असतो आणि मायक्रोकंट्रोलरवर थेट १२ व्होल्ट जात असतात. आउटपुट ३-४ व्होल्टवर लोळत असेल तर एक तर करंट फार ओढला जातोय किंवा इनपुटच अपुरं आहे. १११७ ला आउटपुटपेक्षा किमान १.३ व्होल्ट जास्त लागतात, ७८०५ ला साधारण २.

पायरी ४. करंट. त्यासाठी ट्रॅक कापायची गरज नाही. लिनियर रेग्युलेटरमध्ये आत जाणारा करंट आणि बाहेर येणारा करंट जवळपास एकच असतो, फरक रेग्युलेटरच्या स्वतःच्या खर्चाचा, सुमारे ५ मिलिॲम्पिअर. म्हणून ॲडाप्टरची प्लस वायर मध्ये तोडून मल्टिमीटर सिरीजमध्ये लावा. लाल प्रोब आधी १० ॲम्पिअरच्या सॉकेटमध्ये घाला. मिलिॲम्पिअरच्या सॉकेटमधला फ्यूज स्वस्त मीटरमध्ये २०० मिलिॲम्पिअरच्या आसपासच उडतो आणि मग मीटर शून्य दाखवतो, आपण बोर्डाला दोष देतो. मोजून झालं की प्रोब लगेच व्होल्टच्या सॉकेटमध्ये परत. करंटच्या सॉकेटमध्ये प्रोब ठेवून व्होल्टेज मोजायला गेलात तर तो सरळ सरळ शॉर्ट आहे.

आता एकेक लोड काढत जा आणि दर वेळी आकडा लिहा. डिस्प्ले काढला, किती उतरला? सेन्सर काढला, किती? आकडे ताडून पाहायला हे लक्षात ठेवा (सगळे मिलिॲम्पिअरमध्ये): एसजी९० सर्व्हो हलताना १०० ते २५०, अडकला तर ६५० च्या वर. डब्ल्यूएस२८१२बी एलईडी पूर्ण पांढरा असताना एकेक ६० पर्यंत, म्हणजे आठांची पट्टी ४८०. एमक्यू मालिकेतले गॅस सेन्सर आतल्या हीटरमुळे सतत १५० च्या आसपास घेतात. सेन्सर म्हटलं की करंट नगण्य असणार असं आपण धरून चालतो, आणि तिथेच फसतो. सिम८००एल जीएसएम मॉड्यूल सिग्नल पाठवताना क्षणभर २ ॲम्पिअरपर्यंत ओढतं. ते बोर्डाच्या रेग्युलेटरवर टांगायचंच नसतं.

पायरी ५. तापमान. बोट ही ढोबळ मोजपट्टी: जिथे दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त बोट टिकत नाही, तिथे ६० अंशांच्या आसपास आहे. ६० अंश रेग्युलेटरला मुळीच जड नाहीत, त्यामुळे नुसता चटका बसला म्हणून घाबरू नका. खरा आकडा हवा तर मल्टिमीटरसोबत येणारा के-टाइप थर्मोकपल टॅबवर (रेग्युलेटरच्या धातूच्या चपट्या पत्र्यावर) कॅप्टॉन टेपने (उष्णता सहन करणारी टेप) चिकटवा. इन्फ्रारेड गन इथे फसवते. चकचकीत धातूवर ती कमी दाखवते. शिवाय १२:१ ची गन १२ सेंटिमीटरवरून १ सेंटिमीटरचा ठिपका बघते, आणि १११७ चं अंग ६.५ बाय ३.५ मिलिमीटरचं. आजूबाजूचा थंड बोर्डही सरासरीत येतो.

टॅबच्या तापमानात दर वॅटला १५ अंश मिळवले की आतल्या चिपचा अंदाज येतो. टॅब ९५, उष्णता ०.८ वॅट, तर चिप १०७. चालेल, पण मे महिन्यात चालणार नाही.

शॉर्ट असेल तर

करंट मर्यादा असलेला बेंच सप्लाय असेल तर १ व्होल्ट, अर्धा ॲम्पिअर अशी मर्यादा लावून तो थेट ५ व्होल्टच्या लाइनला जोडा. एका व्होल्टने चिपांना काही होत नाही, आणि शॉर्ट झालेला पार्ट तेवढा गरम होतो. बोर्डावर आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, ब्रशने पातळ फिरवा. जिथलं आधी सुकेल तिथे गुन्हेगार आहे. आयपीए ज्वालाग्राही आहे, आयर्न बंद ठेवून आणि खिडकी उघडून करा.

बेंच सप्लाय नसेल तर टीव्ही दुरुस्तीवाल्यांची सिरीज बल्बची युक्ती इथेही चालते, फक्त २३० व्होल्टची नाही. गाडीचा १२ व्होल्ट ५ वॅटचा बल्ब ॲडाप्टरच्या प्लस वायरमध्ये सिरीजला लावा. बोर्डात शॉर्ट असला तरी करंट ०.४२ ॲम्पिअरच्या वर जात नाही. बल्ब पूर्ण पेटला म्हणजे शॉर्ट, मंद लाल किंवा विझलेला म्हणजे करंट ठीकठाक. नवीन बोर्ड पहिल्यांदा चालू करतानाही हा बल्ब लावायची सवय लावून घ्या.

शॉर्ट सापडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: रेग्युलेटरच्या पायांमधला सोल्डरचा थेंब, बोर्ड वाकल्याने तडकलेला सिरॅमिक कॅपॅसिटर, उलटा बसवलेला टँटलम कॅपॅसिटर, आणि व्हेरोबोर्डवर (तांब्याच्या पट्ट्यांचा तयार बोर्ड) ट्रॅक कापताना मागे राहिलेला तांब्याचा केस. शेवटचा डोळ्यांना दिसत नाही, ट्रॅकच्या मधून ब्लेड ओढून मग बीप तपासा.

लोड काढूनही तापतोय?

सगळे लोड काढल्यावर रेग्युलेटर थंड पडायला हवा, कारण स्वतःचे ५ मिलिॲम्पिअर म्हणजे जेमतेम ०.०६ वॅट. तरीही गरम असेल तर जोडणीच चुकलेली असण्याची शक्यता मोठी. छापील अक्षरं आपल्याकडे, पाय खाली, असं धरून डावीकडून वाचा:

७८०५ : इनपुट, ग्राउंड, आउटपुट. टॅब ग्राउंड.
७९०५ : ग्राउंड, इनपुट, आउटपुट. टॅब इनपुट. हा उणे पाच व्होल्टचा, ७८०५ च्या जागी चालत नाही.
एलएम३१७ : ॲडजस्ट, आउटपुट, इनपुट.
१११७ : ग्राउंड, आउटपुट, इनपुट. टॅब आउटपुट.
७८एल०५, ट्रान्झिस्टरसारखा छोटा, सपाट बाजू आपल्याकडे : आउटपुट, ग्राउंड, इनपुट. ७८०५ च्या बरोबर उलट, आणि देतो फक्त १०० मिलिॲम्पिअर.

गर्दीच्या काउंटरवर ७८०५ मागून ७९०५ हातात पडू शकतो. दुकानातून निघण्याआधी नंबर वाचा.

जोडणी बरोबर असेल तर कॅपॅसिटर बघा. १११७ च्या आउटपुटला डेटाशीट २२ मायक्रोफॅरडचा टँटलम मागते. त्याजागी नुसता छोटा सिरॅमिक टाकला तर रेग्युलेटर ऑसिलेट होऊ शकतो, म्हणजे आउटपुट सतत वरखाली होतं, आणि तो विनाकारण तापतो. मल्टिमीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवून आउटपुट बघा. डीसी स्थिर असताना एसीचा आकडा पन्नास-शंभर मिलिव्होल्टवर दिसला की संशय घ्या, ऑसिलोस्कोप असेल तर खात्री करा. ७८०५ इतका नखरेल नाही: इनपुटला ०.३३, आउटपुटला ०.१ मायक्रोफॅरड, दोन्ही पायांच्या अगदी जवळ.

उपाय

सगळ्यात सोपा: इनपुट कमी करा. १२ ऐवजी ७.५ व्होल्टचा ॲडाप्टर लावला की उष्णता २.५ × ०.२१५, म्हणजे ०.५४ वॅटवर येते. प्रश्न मिटला.

टाकीच्या कंट्रोलरला आमची पसंती मात्र वेगळी. रिले १२ व्होल्टच्या कॉइलचे घ्या आणि त्यांना थेट ॲडाप्टरवरून सप्लाय द्या, मध्ये यूएलएन२००३ (नॅनोच्या पिनवरून रिले ओढणारी चिप) घाला. याच रिलेची १२ व्होल्टची कॉइल ३० मिलिॲम्पिअरच घेते आणि तो करंट रेग्युलेटरमधून जातच नाही. उरले ७० मिलिॲम्पिअर, ०.४९ वॅट, ४४ अंशांची वाढ. ४५ च्या डब्यात चिप ८९ वर. शिवाय रिले ओढताना ५ व्होल्टची लाइन डळमळत नाही, म्हणून बोर्ड रीसेट व्हायचं आणखी एक कारण गेलं.

लोड जास्त आणि वेगळा करता येत नसेल तर एलएम२५९६ चं बक मॉड्यूल. ते जादाचे व्होल्ट जाळत नाही, स्विचिंग करून उतरवतं, त्यामुळे वॅटभर लोडला तोटा पाव वॅटच्या आतबाहेर राहतो. नवं मॉड्यूल ५ व्होल्टवर लावलेलं नसतं, आउटपुटला जवळजवळ इनपुटइतकंच व्होल्टेज असू शकतं. आधी एकटंच चालू करून निळ्या प्रिसेटचा स्क्रू फिरवा. कधी कधी आठ-दहा फेऱ्यांपर्यंत आकडा हलत नाही, धीर धरा. ५.० आल्यावर मगच नॅनोच्या ५ व्होल्टच्या पिनला जोडा, व्हीआयएनला नाही. व्हीआयएनला ५ व्होल्ट दिले तर बोर्डाला जेमतेम ३.९ मिळतील. प्रोग्रॅम टाकायला यूएसबी लावताना बक बंद ठेवा.

सिरीज रेझिस्टर हा जुना, स्वस्त आणि थोडा धोक्याचा मार्ग. १२ व्होल्टच्या वायरीत २२ ओहम २ वॅटचा रेझिस्टर टाकला, तर २०० मिलिॲम्पिअरला ४.४ व्होल्ट तिथे पडतात आणि रेग्युलेटरवर ०.५२ वॅटच राहतो. पण करंट ३०० वर गेला की ६.६ व्होल्ट पडून इनपुट ५.४ उरतं आणि आउटपुट कोसळतं. लोड ठरलेला असेल तरच करा. सर्व्हो किंवा वायफाय असेल तर नको.

बाहेरून ७८०५ लावायचा असेल तर नुसता लावणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. हीटसिंक नसलेला टीओ-२२० (७८०५ चं नेहमीचं तीन पायांचं मोठं पॅकेज) दर वॅटला सुमारे ६५ अंश चढतो, दीड वॅटला ९८, डब्याचे ४५ मिळवले की १४३. दर वॅटला १८ अंशांचा हीटसिंक आणि मध्ये पेस्ट टाकली की तीच बेरीज ८० च्या थोडी वर थांबते. ७८०५ चा टॅब ग्राउंड असल्याने अभ्रकाची चकती लागत नाही. १११७ ला हीटसिंक चिकटवताना मात्र टॅब म्हणजे ५ व्होल्टची लाइन आहे हे विसरू नका. ॲल्युमिनियम शेजारच्या ग्राउंडला टेकलं की झालं.

बदलायचाच असेल तर

आउटपुट चुकीचं आहे, लाइनवर शॉर्ट नाही, जोडणी बरोबर, तेव्हाच. हॉट एअर असेल तर ३५० अंश आणि शेजारच्या पार्टांवर कॅप्टॉन टेप. नसेल तर बारीक कटरने तिन्ही पाय अंगाजवळ कापा, मग रुंद टिपने टॅबवर भरपूर सोल्डर देऊन तो वितळेपर्यंत थांबा. टॅबखालचं तांबं उष्णता पिऊन घेतं, २५ वॅटच्या आयर्नला इथे धाप लागते, ६० वॅटचं घ्या. टॅब सरकत नाही म्हणून पक्कडीने ओढलात तर पॅड उपटून येईल. उरलेलं सोल्डर विकने (सोल्डर शोषणारी तांब्याची विणलेली पट्टी) काढा, फ्लक्स लावा, नव्याचा आधी टॅब बसवा, मग पाय. आयपीएने धुवा. पावसाळ्यात अडकलेला फ्लक्स आणि समुद्राची खारट हवा मिळून पायांवर हिरवा थर चढवतात.

शेवटची चाचणी उघड्या बोर्डावर करू नका. थर्मोकपल टॅबवर चिकटवलेला ठेवून डबा बंद करा, दोन्ही रिले ओढलेले ठेवा, डिस्प्ले पूर्ण उजळ ठेवा आणि एक तास थांबा. आकडा चढायचा थांबला की लिहून घ्या. टॅब ८५ च्या खाली राहिला तर पंपरूममध्ये लावा. लावताना डबा उभा, रेग्युलेटरची बाजू वर, हवेची भोकं तळाला आणि वरच्या कडेला, वरच्यांवर पागोळी पडणार नाही अशी कड आणि सगळ्यांना पालींसाठी जाळी. ॲडाप्टरच्या सॉकेटशेजारी किती व्होल्टचा ॲडाप्टर लावायचा ते पर्मनंट मार्करने मोठ्या आकड्यात लिहा. उद्या तो जळला तर वॉचमन हाताला येईल तो दुसरा ॲडाप्टर लावणार आहे.